वहिनीने न लिहिलेले तास

आमची वहिनी कॉलेजात जाणार ही बातमी तिने आम्हाला भाजी चिरता चिरता सांगितली.

"अहो, कॉलेजात नाव घातलंय," ती म्हणाली.

"कोणाचं?" दादाने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं.

"माझं."

दादाने पान उलटलं आणि मग ते परत मागे उलटलं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, शिकून नोकरीला लागून परगावी स्थिरावली होती. घरात आता शाळा-कॉलेज हा विषय संपला अशी त्याची समजूत होती. "हे काय आता नवीन खूळ?" तो म्हणाला. वहिनीने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली आणि सांगितलं की भूगोल घेतला आहे, सोमवारपासून तास सुरू. लग्न झालं तेव्हा तिचं दुसरं वर्ष अर्धं राहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. ते तिच्या डोक्यात इतकी वर्षं तसंच उघडं पडलेलं होतं, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

मी दादाची धाकटी बहीण. वरच्या खोलीत एकटी राहते आणि जेवायला बहुतेक खालीच असते. वहिनी माझ्याहून मोठी, तरी मला अजून 'वन्सं' म्हणते. मी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधण्याच्या विभागात आहे. तिथे दारात पंचकार्ड. पाच मिनिटं उशीर झाला की पाव तास कापतात. मग मीही सुट्टीच्या भोंग्यानंतर कारखान्याला कधी एक मिनिट फुकट दिलेलं नाही. हातातला पुडा अर्धा बांधलेला असला तर तसाच ठेवून मी उठते. याला कोणी कोतेपणा म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

वहिनी याच्या नेमकी उलट. पसारा दिसला की तिचे हात आपोआप चालू होतात. आपल्या घरातला पसारा असला पाहिजे असंही नाही. दवाखान्यात नंबराची वाट बघताना तिने तिथली मासिकं महिन्यांप्रमाणे लावून ठेवली होती. एकदा कोणाकडे भेटायला गेलो, तर यजमानीणबाई माझ्याशी गप्पा मारत बसल्या आणि वहिनी आत त्यांच्या कपबशा विसळून आली. मी तिला नेहमी म्हणायचे, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला कोणी सांगितलंय?" ती हसायची आणि पुढची भाकरी भाजायला घ्यायची.

कॉलेजने फीच्या मदतीचं पत्र पाठवलं ते आम्ही दोघींनी वर माझ्या खोलीत बसून वाचलं. मदत तीन तुकड्यांत होती. पहिला तुकडा शिष्यवृत्तीचा, तो परत करायचा नाही. दुसरा कर्जाचा. तो वहिनीने तिथल्या तिथे नाकारला. कर्ज डोक्यावर घेऊन शिकायचं माझं वय नाही, म्हणाली. तिसऱ्या तुकड्यापुढे 'काम करून शिका' असं लिहिलं होतं आणि बरीशी रक्कम होती. ती बघून वहिनीचा चेहरा खुलला.

"एवढी देतायत?"

"देत नाहीत," मी म्हटलं. "नीट वाच. ही वरची मर्यादा आहे. तू कॉलेजात काम करायचं, आठवड्याचे तास लिहायचे, वरच्या माणसाने त्यावर सही करायची. मग महिनाअखेरीला तेवढ्याच तासांचा पगार तुझ्या हातात. त्यातून फीचा हप्ता तू भरायचा. काम नाही केलंस तर ही रक्कम कागदावरच राहील."

"म्हणजे नोकरीच की."

"नोकरीच. फक्त तुझ्या तासांच्या वेळेत काम करायचं नाही, आणि ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही. आधी अभ्यास, मग काम, असा त्यांचा नियम आहे."

"चांगला नियम आहे," वहिनी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला असं सांगत होतं.

कामांची यादी कॉलेजच्या फळ्यावर लागली. ग्रंथालय, खेळाचं मैदान, उपाहारगृह, प्रयोगशाळा. वहिनीने निवडली ती नाट्यविभागाची कपड्यांची खोली. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला ती दाखवली. रंगमंचाच्या खाली, पाच पायऱ्या उतरून जायची, खिडकी नसलेली खोली. लोखंडी दांड्यांवर शिपायांचे कोट, राण्यांचे घोळदार झगे, भिकाऱ्यांची मुद्दाम फाडलेली लक्तरं आणि पिसं गळालेले परीचे पंख. खाली मापाप्रमाणे बुटांचे खोके. नाटक झालं की घामेजलेले कपडे इथे ढिगाने येऊन पडायचे. ते धुवायचे, उसवलेलं शिवायचं, तुटलेले हूक लावायचे, चिठ्ठी अडकवून जागेवर टांगायचे, असं काम.

खोलीची प्रमुख सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची ताई. तिच्या कॉलरला कायम टाचण्या टोचलेल्या असायच्या. कामाला वहिनीसोबत आणखी एक मुलगी होती, तीही पहिल्या वर्षाचीच आणि तीही अशीच मदतीवर शिकणारी. वहिनी घरी तिचा उल्लेख 'चष्मेवाली' असा करायची. चष्मेवाली सावकाश, नेटकं काम करायची आणि वेळ झाली की पिशवी उचलून जायची. मला ती न भेटताच आवडली होती. वहिनीला सगळी मुलं काकू म्हणायची, आणि वर्गात सरांच्या आधी तिलाच बघून उठून उभी राहायची, असं ती लाजत सांगायची.

पहिल्याच आठवड्यात वहिनीने एक घोटाळा केला. राजाच्या झग्याला खालून दुमड घालायची होती. वहिनीने ती अशी पक्की शिवली की कापड फाटलं असतं पण शिलाई सुटली नसती. वर जास्तीचं कापड कापूनही टाकायला निघाली होती, तेवढ्यात ताईने तिचा हात धरला.

"काकू, इथे सगळं कच्चं शिवायचं. आजचा राजा बुटका आहे. पुढचा उंच असला तर?"

ती सगळी दुमड उसवून पुन्हा कच्च्या टाक्याने घालण्यात वहिनीची आख्खी दुपार गेली. त्या आठवड्याचे तास लिहायची वेळ आली तेव्हा तिने ती दुपार लिहिली नाही. चूक आपली, तिचे पैसे कसे मागायचे? हे तिने मला सांगितलं असतं तर मी तिथेच तिचे कान उपटले असते. तिने सांगितलं नाही.

एकदा वजाबाकीला हात लागला की तो थांबत नाही. चहा पिताना ताईशी बोलणं झालं, ती वीस मिनिटं वजा. बुटांचे खोके कोणी न सांगता पुसले, ते वजा. कोणाचा कोट वेळेत वाळला नाही म्हणून थांबून इस्त्री केली, तो आपला खुळेपणा, वजा. परीच्या पंखांना तिने एकेक पीस चिकटवून नवीन केलं, पण ते तर तिला आवडलं म्हणून. आवडीच्या कामाचे तास कोण लिहितं? शेवटी तिच्या हिशेबात काम म्हणजे ताईने तोंडाने सांगितलेलं आणि तिने कपाळाला आठी घालून केलेलं, एवढंच उरलं. सुई ओवायला लागलेला वेळही तिने वजा केला असेल, मला खात्री आहे.

पगार अर्थातच कमी यायचा. फीच्या हप्त्याला जे कमी पडायचं ते वहिनी स्वतःच्या साठवणीतून भरायची. म्हणजे ती पदरमोड करून कॉलेजचे कपडे शिवत होती. घरी आम्हाला वाटायचं, सगळं सुरळीत आहे. ती संध्याकाळी यायची, स्वयंपाक करायची, ओटा पुसायची आणि त्याच ओट्यावर नकाशे पसरून बसायची. वाऱ्यांची, समुद्राच्या प्रवाहांची नावं पुटपुटायची. मी इतक्या वर्षांत तिला एवढं खूश बघितलं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

पहिलं सत्र संपलं. वहिनी चांगल्या गुणांनी पास झाली. आणि त्याच आठवड्यात मदत कक्षाकडून निरोप आला. तिला मंजूर झालेल्या कामापैकी निम्म्याहून कमीच वापरलं गेलं आहे, तेव्हा गरज नाही असं धरून पुढच्या सत्रापासून ही मदत थांबवत आहोत.

वहिनी वर माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हाताला कणीक तशीच होती.

"वन्सं, मी काम केलं नाही असं म्हणतायत."

"मग केलं नाहीस का? रोज इतका उशीर करून तर येतेस."

तेव्हा सगळं बाहेर आलं. दुपार, चहा, खोके, पंख. ऐकता ऐकता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सत्तावीस वर्षं कार्ड पंच करणाऱ्या बाईच्या घरात हा प्रकार! मी तिला नाही नाही ते बोलले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "माझी साठवण संपली. हे बंद झालं तर पुढची फी भरता येणार नाही. कॉलेज सोडावं लागेल." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

दादाला सांगितलं तेव्हा तो वाईट काही बोलला नाही. त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे, आणि कुलूप उघडत नसेल तर ते बदलावं, अशी त्याची सरळ बुद्धी. "झालं ना एक सत्र?" तो म्हणाला. "हौस फिटली. पास झालीस, चांगलं झालं." वहिनीने त्याच्या ताटात वाढलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली.

मदत कक्ष म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं आणि भिंतीला टेकून खुर्च्या. आमचा नंबर आला तो कोपऱ्यातल्या टेबलावर. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ढकललेला, आवाज शांत. त्यांनी संगणकावर वहिनीची माहिती काढली.

"तुम्ही आठवड्याला एवढेच तास काम केलंत?"

"हो," वहिनी म्हणाली.

मी तिला कोपर मारलं. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"म्हणजे," वहिनी म्हणाली, "थोडं जास्त झालं असेल. पण ते काम असं नाही. आवराआवर."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "जास्त काम केलंत आणि लिहिलं नाहीत?"

"हो."

"बाई, या योजनेत फुकट काम करायला मनाई आहे. नियमच आहे तसा."

वहिनी घाबरली. "म्हणजे मी गुन्हा केला?"

"तुम्ही नाही. ज्यांनी तुमच्याकडून करून घेतलं त्यांना विचारावं लागेल."

हे ऐकलं मात्र, वहिनी उठून उभी राहिली. "मग राहू दे, साहेब. ताई चांगली आहे. माझ्यामुळे तिला बोल लागायला नको. मदत बंद करा, माझं काही म्हणणं नाही." तिने पदर खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं, चला म्हणून. मला कळेना काय करावं. माझी भाषा म्हणजे भांडणाची, आणि भांडायला समोर कोणी उभंच नव्हतं. सगळं हातचं जातंय आणि घालवणारी तीच आहे, हे बघून मला रडू यायला लागलं.

"बसा जरा," साहेब म्हणाले. "त्या खोलीत दुसरी एक मुलगी आहे ना?"

"आहे. फार गुणी आहे."

"ती तिचे सगळे तास लिहिते. तुम्ही निम्मे लिहिता, आणि खोलीच्या नोंदवहीत काम तुमच्या नावावर जास्त दिसतं. समितीने ते शेजारी शेजारी ठेवून बघितलं. ते म्हणाले, हे काम इतक्या कमी वेळात होत असेल तर त्या मुलीला एवढे तास कशाला द्यायचे? पुढच्या सत्रात तिचेही निम्मे केलेत. तिला आज कळवणार होतो."

वहिनी खाली बसली.

"ती हळू नाहीये," ती म्हणाली. "तिचा वेग बरोबर आहे. मीच जास्त वेळ बसत होते."

"मग ते सांगा. सुरुवातीपासून."

आणि वहिनी सांगायला लागली. आधी अडखळत, साहेबांची माफी मागत. राजाच्या दुमडीपासून सुरुवात झाली. मग शिपायांच्या कोटांच्या कॉलरा, ज्या एकेक करून साबणाने घासाव्या लागतात कारण यंत्रात त्यांचा आकार जातो. पावसाच्या प्रसंगानंतर चिंब झालेले झगे, रात्रभर सुकावेत म्हणून दांड्या सरकवून लावलेले. हुकांच्या डब्या, मापांच्या चिठ्ठ्या, खोके, पंख. सांगता सांगता तिचा आवाज सुटला. साहेबांचं लिहिणं चालू होतं. मध्येच कोणीतरी त्यांना हाक मारली तर त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं. मी वहिनीला जन्मभर ओळखते असं समजत होते, पण स्वतः काय केलं हे तिच्या तोंडून सलग ऐकायची माझी ती पहिली वेळ होती.

साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. ती धावत आली, कॉलरला टाचण्या तशाच. तिने काहीही नाकारलं नाही.

"मला दिसत होतं," ती म्हणाली. "मी काही म्हटलं नाही. मला वाटलं, काकूंना आवडतं."

हे वाक्य आमच्या घराच्या भिंतींना पाठ आहे. माझ्या आईचं आजारपण वहिनीने काढलं तेव्हा सगळे नातेवाईक हेच म्हणत होते, तिला सेवेची आवड आहे.

"आवडतंच," वहिनी म्हणाली. मग ती साहेबांकडे वळली आणि खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "आवडतं म्हणून ते काम नाही, असं असतं का हो?"

"मला माझं काम आवडतं," साहेब म्हणाले. "पगार घेतो मी."

ताई हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने वहिनीचा हात धरला. साहेबांनी तिला लेखी समज दिली, ती तिने सही करून घेतली. मग त्यांनी वहिनीला सांगितलं की सगळ्या आठवड्यांचे तास नव्याने भरून द्या, ताईंनी त्यावर सही करावी, मी ते समितीपुढे ठेवतो. त्या मुलीचे तास कमी करायचंही थांबवतो. निकाल काय लागेल ते आता सांगत नाही.

ते तास आम्ही माझ्या खोलीत बसून भरले. वहिनी प्रत्येक ठिकाणी अडायची.

"ती उसवायची दुपार लिहू?"

"लिही."

"चूक माझी होती, वन्सं."

"आमच्याकडे चुकलेला पुडा सोडून परत बांधायलाही पगार मिळतो. लिही."

"आणि चहा?"

"चहाही लिही. तुमच्या साहेबांनी तू बोलत असताना तीनदा चहा घेतला, तो काय घरून घेतला?"

शेवटी बेरीज झाली. वहिनी त्या आकड्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दुःख नव्हतं ते. "एवढं मी केलं?" ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही, त्यामुळे जरा अवघडच झालं, पण घेतलं.

समितीचं उत्तर येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. वहिनीने नकाशे गुंडाळून कपाटावर ठेवले, काढले, परत ठेवले. उत्तर आलं तेव्हा मी कामावर होते. घरी येऊन बघते तर ती ओट्याशी उभी, आणि चेहऱ्यावरून काही कळेना. मदत चालू राहणार होती. चष्मेवालीचे तासही पूर्ववत झाले होते. एकच अट होती, की वेळ संपली की खोलीतून बाहेर पडायचं, काम अर्धं असलं तरी.

"ही अट तुला जड जाणार," मी म्हटलं.

"फार," ती म्हणाली.

जेवताना दादाला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, घास तोंडाशी थांबवून. लिहिलेले किती होते आणि खरे किती निघाले, तेही वहिनीने सांगितलं. दादा हिशेबाचा पक्का माणूस. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"एवढी राबत होतीस तिथे?" तो म्हणाला. "आणि कोणाला बोलली नाहीस?"

"इथेही राबतेच की," वहिनी म्हणाली. "इथेही बोलले नाही."

तिने हे रागाने म्हटलं नाही. मीठ पुढे सरकवावं तसं म्हटलं. दादा माझ्याकडे बघायला लागला, मी ताटात बघायला लागले. मला वाटलं, आता तो काहीतरी चेष्टा करून विषय बदलणार, कारण त्याची ती जुनी सवय आहे. तसं झालं नाही. तो पाणी प्यायला.

"उद्या किती वाजता असतं तुझं कॉलेज?"

सहा महिने ती रोज जात होती आणि हा प्रश्न त्याने आज विचारला होता.

"साडेआठला," वहिनी म्हणाली. "तुमचा डबा तुम्ही भरा."